कलघटगीची वाट आणि सौंदेकरांचे दोस्त

गोव्याहून हुबळीला जायचे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकजण अनमोडचा घाट चढतात आणि रामनगर, अळणावर करीत धारवाड गाठतात. गेल्या खेपेला आम्ही मुद्दाम वाट वाकडी केली. काणकोण, कारवार, अंकोला करून आरबैलचा घाट चढलो आणि यल्लापूरच्या रानातून हुबळीकडे निघालो. यल्लापूर मागे पडले, किरवत्ती गेले, तरी दोन्ही बाजूंची झाडी काही संपेना. मग कलघटगी जवळ येता येता ती विरळ होत गेली, शेते दिसू लागली आणि एकदम आभाळ मोठे झाले. मलनाड संपून धारवाडचे पठार सुरू होते ते हे ठिकाण.

कलघटगी हे धारवाड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. इथून हुबळी तीसेक किलोमीटर. गावाची ख्याती आहे ती पाळण्यांसाठी. लाखेच्या रंगांनी रंगवलेले, देवादिकांची चित्रे काढलेले लाकडी पाळणे इथे पिढ्यान् पिढ्या होत आले आहेत. कर्नाटकात चांगल्या घरच्या बारशाला कलघटगीचा पाळणा हवा असे मानतात. आम्ही चहाला थांबलो होतो. माझा सोळा वर्षांचा भाचा मात्र गाडीतून उतरायला तयार नव्हता. मांडीवर लॅपटॉप आणि चेहरा पडलेला. काय झाले म्हणून विचारले तर म्हणाला, "मामा, हांवें ताचें कितें वायट केलें?"

'तो' म्हणजे कुणी वर्गातला मित्र नव्हे, तर संगणकावरच्या खेळातला एक राजा! भाचा युरोपा युनिव्हर्सालिस नावाचा खेळ खेळत होता. स्वीडनमधल्या एका कंपनीने केलेला हा खेळ. त्याची चौथी आवृत्ती २०१३ साली आली. १४४४ सालच्या जगाचा नकाशा समोर येतो. त्यातले कोणतेही राज्य आपण घ्यायचे आणि १८२१ पर्यंत चालवायचे. भाच्याने विजयनगर घेतले होते. एका शेजाऱ्याशी त्याने वीस वर्षे दोस्ती राखली, नजराणे पाठवले, सोयरीक केली, आणि ऐन लढाईत मदतीला हाक मारली तेव्हा त्या शेजाऱ्याने साफ नकार दिला. कारण काय, तर म्हणे त्याच्यावर कर्ज झाले होते.

मला हसू आले. मी म्हटले, बाबा, तू ज्या जागेवर बसून हे विचारतो आहेस ना, त्या जागेचा सगळा इतिहास म्हणजे हाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आपल्या गोव्यात येऊन पोचते. मग हुबळी येईपर्यंत जे बोलणे झाले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेख.

आधी त्या खेळाविषयी थोडे, कारण तो वाटतो तितका पोरकट नाही. खेळात प्रत्येक राज्याचे दुसऱ्याविषयीचे मत आकड्यात मांडलेले असते. नजराणा दिला की आकडा वाढतो, शेजाऱ्याचा मुलूख घेतला की घटतो. दोस्त किती करावेत यालाही मर्यादा असते. मर्यादेपलीकडे गेलात तर त्यांना सांभाळण्याचा खर्च राज्याला झेपत नाही. एकाने भराभर मुलूख बळकावला तर आजूबाजूचे सगळे घाबरून त्याच्याविरुद्ध जूट करतात. युद्धात तुमचा दोस्त तुम्हाला न विचारता शत्रूशी वेगळा तह करून मोकळा होऊ शकतो. मांडलिक ठेवता येतो, पण तो फार बळावला किंवा तुम्ही दुबळे झालात की त्याला स्वातंत्र्याची स्वप्ने पडू लागतात. हे सगळे नियम खोटे नाहीत. आपण आता पाहू, कलघटगीच्या आसपास यातला जवळजवळ प्रत्येक नियम खऱ्या माणसांवर चाललेला आहे. फक्त दोन गोष्टी त्या आकड्यांत बसत नाहीत. त्या कोणत्या ते शेवटी.

कलघटगीपाशी उभे राहून पश्चिमेला पाहिले तर रान, पूर्वेला पाहिले तर पठार. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ढोबळ मानाने रान होते सौंदेकर नायकांचे आणि पठार होते सावनूरच्या नबाबाचे. सौंदे हे सिरसीजवळचे गाव. आज तिथे वादिराजतीर्थांचा मठ आहे, म्हणून पुष्कळ गोमंतकीय तिथे जाऊन येतात. विजयनगरच्या अमलाखाली उदयाला आलेले हे नायक घराणे घाटमाथ्यावरून खाली थेट समुद्रापर्यंत पसरले होते. मिरी, सुपारी आणि बंदरे ही त्यांची दौलत. सावनूरचे पठाण नबाब पुढचे. १६८६ साली विजापूर पडल्यावर औरंगजेबाने अब्दुल रऊफ खानाला बंकापूर प्रांतातले महाल दिले, त्यातून ही नबाबी उभी राहिली. कापूस, धान्य आणि हुबळीची पेठ ही त्यांची मिळकत. हुबळीकडचे कापड घाट उतरून कारवारच्या इंग्रज वखारीत जाई. म्हणजे रान आणि पठार एकमेकांवाचून जगू शकत नव्हते.

या दोघांच्या भोवती मोठे लोक होते. दक्षिणेला केळदी-बिदनूरचे नायक, आणि पुढे म्हैसूर. उत्तरेला मराठे. पूर्वेला निजाम. आणि पश्चिमेला, समुद्राच्या काठी, आपले पोर्तुगीज. अशा कोंडीत सौंद्याचे राज्य दोनशे वर्षे टिकले कसे?

त्याचे उत्तर भाच्याला फारसे आवडले नाही. ते टिकले पैसे देऊन. विजयनगर पडल्यावर विजापूरला दिले, विजापूर पडल्यावर मोगलांना दिले, मोगल आटले तेव्हा मराठ्यांना दिले. खंडणी हा शब्द आपण अपमानाचा समजतो, पण छोट्या राज्याला तो विम्याचा हप्ता होता. जो दरवर्षी वसूल करतो, त्याला तुम्ही बुडालेले परवडत नाही. दुसरा कुणी तुमचा मुलूख लुटू लागला की त्याची वसुली बुडते, म्हणून तो धावून येतो. तो येतो तो प्रेमापोटी नव्हे. आपले येणे वाचवायला येतो. खेळात दोस्तीचा आकडा असतो. इथे दोस्तीची पावती असे, आणि त्या पावतीवर पुढच्या वर्षीची थकबाकी लिहिलेली असे.

आणि एकाच दारी सगळे गहाण टाकायचे नाही हेही सौंदेकरांना ठाऊक होते. घाटावर मराठ्यांना खंडणी, तर खाली पोर्तुगिजांशी कधी तह, कधी तंटा. फोंडा एकदा सौंदेकरांकडे, एकदा मराठ्यांकडे असा फिरत राहिला. काळी नदीच्या मुखाशी बसवलिंग राजांनी गड बांधून त्याला वडिलांचे नाव दिले, तोच सदाशिवगड. कारवारच्या पुलावरून जाताना तो आपण पाहतोच. १७५२ साली व्हिसरॉय मार्केश द ताव्होराने सौंदेकरांवर चाल करून हाच गड घेतला. पुढे तो सोडावा लागला. ही १७५२ ची गोष्ट लक्षात ठेवा, कारण बाराच वर्षांत तिची दुसरी बाजू येणार आहे.

आता १७५६ साल घेऊ. दोस्ती म्हणजे काय चीज असते ते या एका वर्षात जेवढे दिसते तेवढे कुठल्याही खेळात दिसणार नाही. फेब्रुवारीत पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. म्हणजे परक्याच्या मदतीने घरचेच आरमार! लगेच पेशवे नानासाहेब कर्नाटकात उतरले आणि सावनूरला वेढा पडला. निमित्त काय? मुजफ्फरखान नावाचा गारद्यांचा सरदार पेशव्यांची नोकरी सोडून सावनूरच्या नबाबाकडे, अब्दुल हकीम खानाकडे, आश्रयाला गेला होता. पेशव्यांनी तो मागितला, नबाबाने दिला नाही.

आता बाजू मोजा. वेढा घालणाऱ्यांत पेशवे, निजाम सलाबतजंग आणि निजामाचा फ्रेंच सरदार बुसी. वेढ्याच्या आत नबाब, मुजफ्फरखान आणि गुत्तीचे मुरारराव घोरपडे. मुरारराव मराठा, पण पेशव्यांच्या विरुद्ध. कालपर्यंत एकमेकांशी लढणारे निजाम आणि पेशवे एका बाजूला. धर्म, जात, भाषा यांवरून इथे कुणी रांग लावायला गेला तर त्याची फजितीच होईल. बुसीच्या तोफांनी वेढ्याचा निकाल लागला. मुराररावांचे फ्रेंचांकडे जुने येणे होते. ते सोडून देण्याच्या बदल्यात बुसीने मध्यस्थी करून तह जुळवून दिला, असे इंग्रज इतिहासकार ऑर्म सांगतो. म्हणजे भाच्याच्या त्या राजाची दोस्ती कर्जापायी बुडाली, तर इथे कर्जापायी तह झाला. नबाबाने अकरा लाख कबूल केले आणि त्यापोटी बंकापूर होळकरांकडे गहाण पडले.

याहून गंमत पुढे आहे. तह झाला तोच निजामाने बुसीला नोकरीवरून काढून टाकले! एकाच वेढ्यात खांद्याला खांदा लावून लढणाऱ्यांचा हेतू एक नव्हता. निजामाच्या दरबाराला फ्रेंचांचे जोखड नको झाले होते आणि पेशव्यांनाही फ्रेंच नको होते. काम झाल्यावर ज्याच्या तोफांनी काम झाले त्यालाच निरोप मिळाला. आणि मुजफ्फरखान? तो पुन्हा पेशव्यांच्या नोकरीत आला, आणि १७५९ साली सदाशिवराव भाऊंवर मारेकरी घातल्याबद्दल त्याला प्राणाला मुकावे लागले. ज्या माणसापायी एवढे युद्ध झाले तो असा!

त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे फोंड्याला काय झाले ते गोमंतकीय वाचकांना ठाऊक असेल. व्हिसरॉय कोंद द आल्व्हा मर्दनगड घ्यायला गेला आणि मारला गेला. एका वर्षात विजयदुर्ग, सावनूर आणि फोंडा. या तीन ठिकाणांची नावे एकाच पानावर लिहिली तर अठराव्या शतकातले आपले राजकारण किती गुंतलेले होते याची कल्पना येते. गोव्याचा इतिहास आपण पुष्कळदा पणजीहून लिस्बनकडे तोंड करून वाचतो. तो घाटाकडे तोंड करूनही वाचला पाहिजे.

भाच्याने इथे शंका काढली. सौंदेकर इतके हुशार होते तर बुडाले कसे? शंका रास्त होती.

सौंदेकर बुडाले ते स्वतःच्या चुकीने म्हणण्यापेक्षा पानिपतामुळे. १४ जानेवारी १७६१. पानिपत कुठे आणि सौंदे कुठे! पण वर सांगितलेल्या विम्याचा धनीच त्या दिवशी कोलमडला. मराठ्यांची फौज पुढची दोन-तीन वर्षे कर्नाटकात पूर्वीच्या जोराने उतरू शकली नाही. ही फट हैदर अलीने अचूक हेरली. त्याच वर्षी त्याने शिरे घेतले. १७६३ च्या आरंभी बिदनूर पडले, आणि राणी वीरम्माजी कैदेत गेली. बिदनूर पडले तेव्हाच सौंद्याचे भवितव्य ठरले. कारण बिदनूर हा शेजारी सौंदेकरांना जन्मभर त्रासाचा वाटला असेल, पण म्हैसूर आणि सौंदे यांच्यामधली भिंत तोच होता. सावनूरच्या नबाबालाही हैदराने त्याच वर्षी नमवले. वर्षाच्या अखेरीस हैदराच्या फौजेने सौंदे घेतले.

इम्मडी सदाशिव राजे कुटुंबासह घाट उतरले आणि आश्रयाला आले ते गोव्यात, म्हणजे बाराच वर्षांपूर्वी ज्यांनी सदाशिवगड घेतला होता त्याच पोर्तुगिजांकडे. दुसरीकडे जायला जागाच कुठे होती? मराठे सावरले नव्हते, सावनूर नमले होते, बिदनूर उरले नव्हते. शेवटच्या घडीला जो सगळ्यात कमी वाईट, तो दोस्त.

तेव्हा व्हिसरॉय होता कोंद द एगा. त्याने राजांना आसरा दिला. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली. १७६३ मध्येच पोर्तुगिजांनी मराठ्यांकडून फोंडा घेतला होता. आता सौंदेकरांचा घाटाखालचा मुलूख हैदराच्या हाती पडू नये म्हणून, म्हणजे राजांच्या वतीने राखण्यासाठी, तो पोर्तुगीज फौजेने ताब्यात घेतला. अंत्रुज, अष्टागर, हेमाडबार्से, बाळ्ळी, चंद्रवाडी, काकोडे, काणकोण आणि काबो द रामचा किल्ला, असे करीत आजचा फोंडा, सांगे, केपे, काणकोणचा मोठा भाग गोव्यात आला. तिसवाडी, बारदेश, सासष्टी एवढाच तोवरचा गोवा. त्याचा आकार या एका पाहुण्याच्या मालमत्तेने केवढा तरी वाढला.

वर घाटावर काय चालले होते? थोरले माधवराव सावरले आणि कर्नाटकात उतरले. ३ मे १७६४ रोजी रट्टीहळ्ळीला त्यांनी हैदराचा पराभव केला, त्याच वर्षी धारवाड घेतले, आणि मार्च १७६५ मध्ये तह झाला. हैदराने खंडणी कबूल केली, सावनूरवरचा हक्क सोडला, मुराररावांचा मुलूख परत दिला. म्हणजे या खेपेला नबाब आणि मुरारराव पेशव्यांच्या बाजूने होते! नऊ वर्षांपूर्वी याच नबाबाच्या गावाला पेशव्यांनी वेढा घातला होता. पण सौंदेकरांना त्यांचे राज्य परत मिळाले नाही. ते तहाच्या जागी नव्हते, गोव्यात होते. जो दोस्त मैदानात फौज घेऊन उभा असतो त्याची आठवण तहात राहते. जो परक्याच्या अंगणात बसलेला असतो त्याची राहत नाही.

पुढची तीस वर्षे कलघटगीच्या पठारावरच्या रयतेने काय काय पाहिले असेल! माधवराव १७७२ साली गेले, नारायणरावांचा १७७३ मध्ये खून झाला, आणि राघोबादादांनी स्वतःच्या गादीसाठी हैदराची मदत मागताना याच मुलखावरचे हक्क त्याच्या पदरात टाकले. हैदर कृष्णेपर्यंत सरकला. मग १७८० मध्ये इंग्रजांविरुद्ध नाना फडणीस, निजाम आणि हैदर यांची जूट झाली, तेव्हा पुण्यानेही हैदराचा हा कब्जा मान्य केला. कालचा शत्रू आज दोस्त, आणि त्या दोस्तीची किंमत म्हणून हुबळी-धारवाडचा प्रदेश. सावनूरच्या नबाबाने १७७९ मध्ये हैदराशी दुहेरी सोयरीक केली. मुलगी दिली, सून आणली. तरी पैशाचा तगादा चुकला नाही. १७८६ साली टिपू चालून आला तेव्हा हाच नबाब मराठ्यांच्या छावणीत पळून गेला. सोयरिकीने दोस्ती पक्की होते असे खेळात मानतात. सावनूरकरांना विचारा!

मग १७९० ची मोठी जूट. पुणे, हैदराबाद आणि इंग्रज कंपनी, तिघे मिळून टिपूवर. परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला तो १७९० च्या पावसाळ्याअखेरीस, आणि किल्ला हाती आला तो एप्रिल १७९१ मध्ये. मुंबईहून आलेली इंग्रजांची पलटण सोबत होती, तरी इतके महिने. आणि आता पाहा, त्या वेढ्याच्या तोफा धारवाडला चालू होत्या त्याच दिवसांत, १७ जानेवारी १७९१ रोजी, खाली गोव्यात सवाई बसवलिंग सौंदेकर एका कागदावर सही करीत होते. घाटाखालचा आपला मुलूख त्यांनी पोर्तुगिजांना कायमचा देऊन टाकला, आणि बदल्यात सालिना तनखा घेतला.

मला या कागदाचे नेहमी नवल वाटते. पोर्तुगीज १७६३-६४ पासून त्या मुलखात बसलेले होते. फौज त्यांची, वसुली त्यांची. राजाकडे ना सैन्य, ना खजिना. मग सत्तावीस वर्षांनी त्यांना राजाची सही कशाला हवी होती? हवी होती, कारण कब्जा आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिपूवर जूट झालेली, मराठे पुन्हा घाटावर आलेले. उद्या कुणी सौंदेकरांचे नाव पुढे करून हा मुलूख मागितला तर? राज्य गेलेल्या राजाकडेही एक गोष्ट शिल्लक असते, ती म्हणजे त्याचे नाव. सौंदेकरांनी सर्वांत शेवटी तेच विकले.

खेळाच्या आकड्यांत न बसणाऱ्या ज्या दोन गोष्टी मी म्हटल्या, त्यातली ही पहिली. खेळात शेवटचा प्रांत गेला की तुमचा डाव संपला. खऱ्या इतिहासात प्रांत गेल्यावरही माणूस सत्तावीस वर्षे वाटाघाटीच्या मेजावर असू शकतो.

घाटावरच्या सौंद्याची आशा मात्र फळली नाही. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला. कंपनीने म्हैसूरची वाटणी केली तेव्हा हरपनहळ्ळी, घाटावरचे सौंदे वगैरे मुलूख पेशव्यांसाठी राखून ठेवला होता, पण काही अटींवर. त्या अटी म्हणजे कंपनीच्या दोस्तीचा फास आहे हे ओळखून पुण्याने तो नाकारला. मग तो मुलूख कंपनी आणि निजाम यांच्यात वाटला गेला आणि सौंदे कंपनीकडे गेले. तीनच वर्षांनी, १८०२ च्या वसईच्या तहात, पेशव्यांनी तोच फास आपणहून गळ्यात घातला ही गोष्ट वेगळी. सावनूरची नबाबी मात्र पंचवीस गावांपुरती का होईना, १९४८ पर्यंत तग धरून राहिली. सगळ्यांशी भांडून आणि सगळ्यांपुढे वाकून!

आता दुसरी गोष्ट. ती आपल्याशी, म्हणजे गोमंतकीयांशी निगडित आहे. खेळात मुलूख हातचा जातो तेव्हा त्यात राहणाऱ्या माणसांचे काय होते याचा फार तर एक आकडा बदलतो. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळे पडली तेव्हा आपले देव नदीपलीकडे अंत्रुजात आले. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, लोटलीचा रामनाथ, वेर्ण्याची म्हाळसा. ज्या मुलखात पोर्तुगिजांचे राज्य नव्हते तिथे ते आले. आणि दोनशे वर्षांनी तोच मुलूख पोर्तुगिजांच्या हाती गेला! देवांना पुन्हा पळावे लागले का? नाही. तोवर काळ बदलला होता, लिस्बनचे धोरण बदलले होते, हे खरेच. पण हा मुलूख आला तोही वेगळ्या रीतीने आला. जिथे पाय रोवायला राजाचे नाव आणि रयतेची संमती लागणार होती, तिथे देवळे आणि रीतिरिवाज यांना हात लावणार नाही अशी हमी देणे पोर्तुगिजांना भाग होते, आणि त्यांनी ती दिली. आज फोंड्याच्या आसपास दिव्यांनी उजळलेल्या दीपमाळा पाहताना ही गोष्ट आठवावी.

या मुलखाला आपण नव्या काबिजादी म्हणतो. काबीज केलेला मुलूख, तो काबिजाद. शाळेत आम्ही हा शब्द पाठ केला, पण अर्थ कधी विचारला नाही. सौंदेकरांच्या महालांपुरते पाहिले तर हा शब्द अर्धाच खरा आहे. आश्रयाला आलेल्या पाहुण्याची मालमत्ता राखतो म्हणून घेतली आणि परत केली नाही, याला काबीज करणे म्हणायचे की आणखी काही? त्याच वेळी हेही खरे की पोर्तुगिजांनी राजाला आसरा दिला, शब्द मोडून हैदराच्या हवाली केले नाही, आणि घराणे बांदोड्याला मानाने राहिले. दोस्तीचा हिशेब असा एका रकान्यात मावत नाही.

हुबळी आली तेव्हा भाचा गप्प होता. मग विचारले, "मगीर सौंदेकार हारलो काय जिखलो?" मी म्हटले, ते मला ठरवता येत नाही. दोनशे वर्षे चार मोठ्यांच्या मधोमध राहून ज्यांनी राज्य चालवले त्यांना मूर्ख म्हणता येणार नाही. आणि शेवटी ते हरले ते पानिपतावर, जिथे त्यांचा एकही माणूस लढायला गेला नव्हता. तुझ्या त्या शेजाऱ्याने नकार दिला कारण तो कर्जात होता. सौंदेकरांचा धनी आला नाही कारण तो पानिपतावर पडला होता. राग धरण्यापेक्षा आपला दोस्त कुठे कुठे गुंतलेला आहे हे आधी पाहून ठेवावे.

परतताना पुन्हा त्याच वाटेने आलो. कलघटगीला थांबून पाळण्याची चौकशी केली. आमच्याकडे सध्या बारसे नाही, पण भाचीचे लग्न ठरले आहे. भाच्याने या खेपेला गाडीतून उतरून पाळणे पाहिले आणि रान सुरू होते ती जागाही पाहिली. सौंद्याला पुढच्या सुटीत जायचे ठरले आहे. वाचकांपैकी कुणाला त्या बाजूला जायचे असेल तर आधी बांदोड्याहून निघावे आणि आरबैलच्या घाटाने वर चढावे. राजे ज्या मुलखातून खाली आले तो मग उलट्या दिशेने पाहायला मिळेल.